हरभऱ्यावरचं दव

पौष लागला की मला घरात बसवत नाही. या वयाच्या बाईनं उन्हाला पाठ देऊन शेंगा फोडत बसावं, हे मलाही कळतं. पण मी चार शेंगा फोडते आणि उठते. दारापर्यंत जाते, परत येते. पुन्हा सूप पुढ्यात ओढते, पुन्हा उठते. सून विचारते, "काय हुडकताय, आत्याबाई?" नातू म्हणतो, आज्जीच्या पायाला भिंगरी हाय. हरवलेलं काही नाही. घरामागच्या तुकड्यात हरभरा फुलावरून घाट्यावर आलाय, पहाटे त्याच्यावर दव पडतं, आणि ते दव मला बसू देत नाही. एवढंच आहे.

मी सांगलीची. आमच्या घरी हरभरा यायचा तो डाळ होऊन, नाहीतर संक्रांतीच्या बाजारात जुड्या बांधून. तो रानात उभा असतो तेव्हा कसा असतो हे लग्न होऊन कुंडल-पलूसच्या मधल्या या गावात आले तेव्हा कळलं. पहिल्याच पौषात हौसेनं अनवाणी हरभऱ्यात शिरले आणि दुपारपर्यंत पोटऱ्या चुणचुणायला लागल्या. त्याच्या पानावर बारीक लव असते, त्या लवेतून आंबट सुटतं आणि दवात उतरतं. त्यात चपला कुजतात, लुगड्याचे काठ विरतात. माझ्या नव्या लुगड्याचा काठ विरला तेव्हा मी चक्क रडले होते. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाईच म्हणायचो, मला म्हणाल्या, "रडतीस काय? लुगड्याला खातंय तेच पोटाला बरं करतंय." हा हिशेब काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

पोटाला बरं करणारी ती आंब. आताच्या पोरांना शब्दही माहीत नाही. आत्याबाई मामंजींचं जुनं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं धोतर घेऊन दिवस उगवायच्या आत रानात जायच्या. हरभऱ्यावर ते अलगद अंथरायचं, वरून तळव्यानं थापटायचं, उचलायचं, पुढच्या ओळींवर अंथरायचं. धोतर जड झालं की चिनी मातीच्या वाडग्यात पिळायचं. पितळेला आंब चालत नाही. पिळून निघायचं ते पिवळसर, डोळ्यांत पाणी आणणारं आंबट पाणी. मग ते गाळून, चिमूटभर मीठ घालून बाटलीत भरायचं. पोटदुखी, अजीर्ण, मोडशी, काहीही असो, गाव आमच्या दारात. आत्याबाई आंबेचं काही घ्यायच्या नाहीत. आंब विकली की उतरते म्हणायच्या. बाटलीत भरण्याआधी मात्र घोटभर स्वतःच्या तोंडात घ्यायच्या, डोळे बारीक करून. जिभेला चावली तरच ती आंब, नाहीतर नुसतं धोतराचं पाणी.

ते वर्ष अळीचं होतं. जर्मनची लढाई संपली होती पण रेशन संपलं नव्हतं, घरात जे पिकेल त्याच्यावरच भरवसा, आणि त्याच वर्षी घाटेअळीनं डोकं वर काढलं. हिरवी, अंगावर फिकट पट्टा असलेली अळी. घाट्याला गोल भोक पाडते, डोकं आत घालते, धड बाहेर ठेवते आणि दाणा खाते. एक घाटा संपला की दुसरा. आम्ही बायका सकाळी ओळीनं बसून अळ्या वेचायचो आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकायचो. मधे मधे झाडाच्या फांद्या रोवलेल्या असायच्या, त्यावर साळुंक्या आणि कोतवाल येऊन बसत आणि त्यांच्या परीनं हातभार लावत. राख टाकून झाली. तंबाखूच्या देठांचा काढा मारून झाला. त्याच्या वासानं माझं डोकं दिवसभर गरगरत राहायचं, अळीचं मात्र काही बिघडायचं नाही.

आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, हे सहन होईना. स्वभाव तापट नव्हता, पण हार मानायचे नाहीत. पलूसच्या बाजारात शेतकी खात्याचा एक माणूस कीड मारायच्या औषधांची माहिती देत होता, तिथं हे उन्हात उभं राहून सगळं ऐकून आले आणि जेवताना आम्हाला शिकवायला बसले. आधी किडीचं तोंड बघायचं. काही किडी कुरतडतात, काही सोंड खुपसून रस शोषतात. मावा शोषणारा. त्याच्यासाठी पानावर विष टाकून उपयोग नाही, कारण तो पान खातच नाही. त्याच्या अंगावर काहीतरी पडलं पाहिजे, तंबाखूचा काढा नाहीतर साबणाचं पाणी, म्हणजे तो कातडीतून मरतो. अळी कुरतडणारी. तिला पानावर, घाट्यावर विष ठेवून द्यायचं. ती आपल्या हातानं खाते आणि मरते. कणगीतल्या किड्याला यातलं काहीच पोचत नाही, त्याला कोंडून धुरी द्यावी लागते. कुणी नाकातून जातं, कुणी कातडीतून, कुणी तोंडातून. त्यानंतर कितीतरी दिवस ह्यांनी सगळ्या गावाची अशीच वाटणी लावली. पाटील कुरतडणारे, तलाठी शोषणारा. मी विचारलं, मी कुठली? तर म्हणाले, "तुला धुरीच द्यावी लागंल."

अळीसाठी आणलेली पूड पांढरी होती, पिठापेक्षा बारीक. सोमलाच्या जातीची, म्हणजे जहाल विष. ह्यांनी ती कुणापासून लपवली नाही, उलट डबा मधोमध ठेवून सगळ्यांना दाखवला. आत्याबाईंनी बोट पुढं केलं तेव्हा म्हणाले, "हात लावून काय न्हाई होत, आई. पोटात गेलं तर मरण. अळी मरती ती खाऊन मरती." आत्याबाईंनी मान डोलावली. ह्यांनी डबा गोठ्याच्या आढ्याला टांगला आणि राखेनं हात घासून धुतले. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. म्हणजे माहीत सगळ्यांना सगळं होतं. मला अजून अस्वस्थ करतं ते हेच.

पूड टाकायची तीही पहाटेच. दव असलं की ती पानाला धरते, वाळल्या पानावरून उडून जाते. पातळ फडक्याची पुरचुंडी बांधायची, काठीला अडकवायची आणि ओळीवरून चालताना दुसऱ्या काठीनं टिचक्या मारत जायचं. ह्यांनी नाकातोंडाला पंचा बांधला होता. तो दिवस नेमका करीचा, संक्रांतीचा दुसरा. शेजारचे तात्या बांधावर उभे राहून म्हणाले, "दत्तू, करीला कोन नवं काम काढतंय रं?" हे पंच्याच्या आतून म्हणाले, "तात्या, अळी पाळती व्हय कर?" तात्या हसले. उजाडलं तेव्हा सगळा हरभरा पीठ सांडल्यासारखा दिसत होता. मला तो दिसायला फार छान वाटला, खरं सांगते.

आता नातू पाठीवर पंप घेऊन जातो तेव्हा मी त्याच्या मागे मागे बांधापर्यंत जाते. तो वैतागतो. मग माझं समाधान व्हावं म्हणून सांगत बसतो. डीडीटी गेली, बीएचसी गेली, ती जमिनीत राहायची, दुधातून पोटात यायची. आता अशी औषधं आहेत की ती पानातून झाडाच्या अंगात शिरतात, रसाबरोबर फिरतात. वरून धुतलं तरी आत असतात, शोषणाऱ्या किडीनं सोंड खुपसली की संपली. एकानं म्हणे अळी लगेच मरत नाही, तिला नुसती कात टाकता येत नाही. अंग वाढतं, कातडी सुटत नाही, आतल्या आत अडकते. एक तर अळीला रोग लावतं आणि माणसाला त्याचं काहीच होत नाही. मी ऐकते. कात न टाकता येणाऱ्या अळीचं मला उगीचच वाईट वाटतं. नातू म्हणतो, "आज्जी, तू कुनाच्या बाजूनं हायस?" मी विचारते, दव वाळल्यावर मारलंस ना? पुढं कुणी तोडायला येणार नाही ना? बांधावर फडकं लावलंस ना खुणेचं? तो म्हणतो, लावलंय. मी घरी येते आणि पुन्हा बघायला जाते.

त्या संक्रांतीला माझी नणंद सोना माहेरपणाला आली होती. बरोबर तिचा लहान मुलगा. त्याचं पोट सारखं दुखायचं, त्यात तिळगुळावर ताव मारला, आणि घरातली होती नव्हती ती आंब त्याच्यावरच संपली. तिचं सासर वर, खानापूरच्या अंगाला, घाट चढून. तिकडं पाणी कमी, हरभरा त्याहून कमी, आंब कुठली असणार. करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दीर गाडी घेऊन न्यायला आला. लेक रिकाम्या हातानं कशी पाठवायची? मी चुलीपुढं वाटेच्या भाकऱ्या थापत होते आणि आत्याबाई दाराशी उभ्या राहून गडबडीनं बाटलीला बूच लावत होत्या, हे मला दिसतंय. सोनानं बाटली वाकळेत गुंडाळली. गाडी हलली. आत्याबाई वेशीपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

हे मोट सोडून न्याहारीला आले ते खुशीत. तळहातावर मेलेल्या अळ्या होत्या, काळ्या पडलेल्या, मऊ. मला दाखवायला म्हणून आणलेल्या. हात पुढं करता करता त्यांचं लक्ष वलणीवरच्या धोतराकडं गेलं. पिळ्याच्या चुण्यांत पांढरं राहिलं होतं.

"आई, धोतर कुठं हातरलंवतंस?"

"कुठं म्हंजे? आपल्या हरभऱ्यात."

"काल पूड टाकली न्हवं त्यात?"

"काल टाकलीस. दव आज पडलंय. दव रोज नवं येतंय वरनं." आणि ह्यांचा चेहरा बघून त्या पुढं म्हणाल्या, "तूच म्हनालास, हात लावून काय होत न्हाई म्हून. धोतर नुसतं लागलंय."

ह्यांनी अळ्या खाली टाकल्या. "दव वरनंच येतंय आई. पन पडतंय त्या पुडीवर," एवढंच म्हणाले. मग एकदम, "कुनाकुनाला दिलीस?"

सोनाला. सुताराच्या चंद्राला. देवळातल्या गुरवाला.

"आन् तू चव घेतलीस?"

"न्हाई. काल बोरं खाऊन दात आंबल्यात माजं."

हे पळत गेले. गावात सायकल एकच होती, शाळेच्या मास्तरांची. ती मागून घेऊन, पायात काही न घालता, घाटाच्या रस्त्याला लागले. सूर्य चांगला वर आला होता. बैलगाडी हळू चालते हे खरं, पण सकाळीच निघालेली. पोराचं पोट वाटेत दुखलं तर? गाडीत हिसके बसतात, दुखणारच. सोना काय करणार, बूच काढणार. मी हे सगळं मनात म्हणत सुताराच्या आळीकडं धावले. नवी सून डोक्यावरचा पदर सावरत पळताना गावानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

चंद्राची बाटली कोनाड्यात तशीच होती. तिनं काही न विचारता दिली. गुरवबाबा मात्र नडले. "देवाच्या माणसाला दिल्यालं परत नेतीस व्हय?" म्हणून बाटली धोतराच्या सोग्यात घेऊन बसले. शेवटी मी म्हणाले, बाबा, त्यात सोमल आहे. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली आणि लांब सरकले. दोन्ही बाटल्या घेऊन मी रस्त्यात उभी. ओतायच्या कुठं? गटारात कोंबड्या चोच घालतात, उकिरड्यावर गुरं तोंड घालतात. आमच्या बांधाला खड्डा काढला, त्यात बाटल्यांसकट पुरलं, वर धोंडा ठेवला. थोड्या वेळानं परत जाऊन आणखी एक धोंडा ठेवला.

घरी आले तर आत्याबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या. ऊन अंगावर असूनही थंडीनं कुडकुडत होत्या. ओठ कोरडे. गोठ्यामागून ओकारीचा वास येत होता. मी तिकडं जाऊन बघितलं आणि परत आले.

"आत्याबाई, तुम्ही आंब घेतली होती."

"घोटभर. चवीपुरती."

"मग ह्यांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अगदीच अडाणी आहे अशा नजरेनं. "सांगितलं आसतं तर हितंच बसला आसता माज्या उशाला. तवर गाडी घाट चढून गेली आसती."

मला त्यांचा राग आला. इतका राग मला त्या घरात कधी कुणाचा आला नव्हता. आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेत असंही वाटलं. मी काहीच केलं नाही, शेजारच्या तात्यांना हाक मारली. बायका जमल्या. कुणी दूध आणलं, कुणी तूप, कुणी अंड्याचा बलक टाकून पांढरं तेवढं वाटीत घेऊन आली. माळकरी आत्याबाईंनी तेही नाक दाबून प्यायलं आणि पुन्हा ओकलं. तात्यांनी गाडी जुंपली, सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला. आत्याबाई उठेनात. "दत्तू यिऊं दे. पोराचं कळूं दे. तवर मी हालत न्हाई." तात्या रागावले, बायका रडल्या, मी हात धरून ओढलं. त्यांनी भिंतीतल्या खुंटीला धरून ठेवलं. तेवढी ताकद होती अंगात.

मग ती दुपार. ती अजून माझ्या अंगात आहे. मी वेशीपर्यंत जायचे, रस्त्याकडं बघायचे, परत यायचे. आत्याबाईंना पोटात पीळ पडायचा, त्या लुगड्याचा बोळा तोंडात धरायच्या. घाटाकडून कुणी आलं की मी धावायचे; तो कुणी मेंढरं घेऊन येणारा धनगर असायचा नाहीतर जळणाची मोळी घेतलेली बाई. त्यांना विचारायचे, गाडी दिसली का, सायकलवाला दिसला का. रानात त्या वेळी अळ्या मरत होत्या. घाट्यातून अर्धं अंग बाहेर, तशाच लोंबकळत. ह्यांची पूड अगदी सांगितल्यासारखं काम करत होती. मी बांधावर उभी राहून ते बघितलं आणि घराकडं पळाले.

दिवस कलताना हे आले. सायकल हातात धरून, एका चाकात वारा नव्हता. टाचा फुटून रक्त वाळलं होतं. कमरेला बाटली. गाडी त्यांनी घाटमाथ्यावर गाठली. पोरगं सोनाच्या मांडीवर झोपलं होतं. दीर हसला म्हणे, आंब परत न्यायला कुणी घाट चढतं का. बाटली वाकळेत होती तशी होती. हे सगळं अंगणातूनच सांगत आत आले आणि आईकडं बघून थांबले.

आत्याबाईंनी बाटली मागून घेतली. उजेडाकडं धरून पाणी कुठपर्यंत आहे ते बघितलं. बूच बोटानं चाचपलं. मग बाटली माझ्याकडं दिली आणि ह्यांना म्हणाल्या, "चल आता कुठं न्यायचं तिथं." ह्यांनी आईला उचललं आणि गाडीत ठेवलं.

आत्याबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अंगातलं बरंचसं ओकून गेलं, म्हणून. हेही त्यांनीच सांगितलं, की हरभऱ्याच्या आंबटात ती पूड साध्या पाण्यापेक्षा लवकर उतरते. कुणाला ठाऊक असणार? शिवरात्रीच्या सुमाराला त्या घरी आल्या. तळहाताची, तळपायाची कातडी सोलून निघाली होती. चालताना म्हणायच्या, पायाखाली कापूस हाय. हातातलं भांडं सुटलं तरी त्यांना कळायचं नाही. आम्हाला वाटलं, जाईल हळूहळू. हरभरा त्या वर्षी भरघोस झाला, कणगी भरली, पण रास मोजताना ह्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. कुरतडणारे आणि शोषणारे हा विनोद त्यांनी पुन्हा कधी केला नाही.

गावानंही काही बोलून दाखवलं नाही. पण बाटली मागायला कुणी येईना. पोट दुखलं तर लोक ओवा चावायचे, पार पलूसच्या डॉक्टरकडं जायचे. आत्याबाई दाराकडं बघत बसायच्या. त्यांना त्या वाट बघण्याचं फार लागलं, सोमलापेक्षा जास्त लागलं, असं मला वाटायचं.

पुढचा पौष आला. ह्यांनी पूड टाकायच्या आधी बांधालगतच्या ओळी सोडून मधे सुतळी बांधली आणि आईला नेऊन दाखवली. या तुझ्या, इकडं काही पडणार नाही. आत्याबाई दुसऱ्या दिवशी पहाटे धोतर खांद्यावर टाकून निघालेल्या दिसल्या. मी मागोमाग गेले.

त्यांनी धोतर अंथरलं. थापटलं. उचललं, पुढच्या ओळींवर अंथरलं. सगळं पहिल्यासारखंच, फक्त सावकाश. मग ते गोळा करून दोन्ही मुठींत धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मूठ सोडली, परत धरली. धोतर जड झालं होतं, पाणी त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळत होतं, लुगड्यावर थेंब पडत होते. त्या मात्र तोंड वर करून माझ्याकडं बघत होत्या.

"भिजलंय का गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "लय भिजलंय. पिळा आता."